पाच त्रिक सतरा

दुपारी दीडचा सुमार. दारात मोटारसायकलवर मोनोब्लॉक, म्हणजे एकाच अंगातला मोटार-पंप, बांधून आणलेला शेतकरी घाम पुसत उभा. "मिस्त्री, आज राती लाईट हाय. काही करा, पण मोटार बसली पाहिजे." खोलून पाहिली. वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, शाबूत; फॅनकडचं बेरिंग गेलेलं. नंबर ६२०३. भाच्याला म्हटलं, बघ रे किती आहेत. त्याने मोबाइलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मामा, वजा दोन."

इतकी वर्षं मोटारी भरतोय, पण शून्याखाली गेलेलं बेरिंग पहिल्यांदाच ऐकलं. आलेला माल चढवायचा राहिला असेल आणि गेलेला चढला असेल, कारण एवढंच. तरी डोळ्यांपुढे उगाच एक खड्डा आला, दोन बेरिंगांएवढा.

अण्णांच्या वेळी ही भानगड नव्हती. फळीवर डालड्याचे डबे, त्यावर खडूने नंबर. डबा उचलायचा, हातात जरा तोलायचा आणि सांगायचं, "सात हायत." उघडला की सातच. मी शाळेतून आलो की मला डबे पुसायला बसवायचे आणि पुसता पुसता पाढे. ६२०४ चं भोक किती? शेवटचे दोन आकडे, गुणिले पाच. पाच चोक वीस. वीस मिलिमीटर. ६२०५, पंचवीस. झकास चाललं होतं. एकदा वर्गात गुरुजींनी पाच त्रिक विचारलं आणि मी ठणकावून सांगितलं, सतरा. कारण ६२०३ चं भोक सतराच असतं; पंधराचं ते ६२०२. चारपासून पुढेच पाचाचा हिशोब लागतो, अलीकडचे चौघे आपल्या मनाचे. गुरुजींना हे कोण सांगणार? कान लाल करून घरी आलो, तर अण्णा हसून हसून स्टुलावरून पडायचे राहिले.

त्यांचा एक हट्ट होता. शेवटचा नग विकायचा नाही. गिऱ्हाईक समोर, डब्यात एक, आणि हे म्हणणार, "संपलं, उद्या या." मी चिडायचो. "लेकरा, बियाणं कुणी खातंय का?"

पाणी खाली गेलं की मोटारी जास्त जळतात, म्हणून २०१५ च्या दिवाळीला त्यांनी फळ्या गच्च भरल्या. अर्धा माल उधारीवर. आडाखा चुकला नव्हता, पाणी मात्र फारच खाली गेलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं. दहा वाघिणींची पहिली गाडी आली तेव्हा अण्णा दुकानात डबे पुसत बसले होते. चालायला मोटार नाही तर जळायला कुठून असणार? तांबं नासत नाही, ते रिळांवर बसून राहिलं. वार्निश दाट होत गेलं, रबरी सील कडक झाले. व्यापाऱ्याचा फोन आला की अण्णा मला म्हणायचे, सांग, बाहेर गेलेत. आयुष्यात त्यांना खोटं बोलताना ऐकलं ते दोनच बाबतींत, शेवटचा नग आणि तो फोन.

असो. शेतकरी अजून उभाच होता.

डबे आता प्लास्टिकचे आहेत, पण ६२०३ चा तोच जुना ठेवलाय. उचलला. तोलला. भाच्याकडे न बघता म्हणालो, चार. उघडला. एक बेरिंग, तेलकट कागदात, आणि खाली मूठभर नट.

त्या माणसाचं रात्रीचं भिजवणं होतं. फेज पहाटे जाते.

बसवून दिलं. मोटार टेबलावरच फिरवून दाखवली, आवाज गेलेला. तो गेल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, आता वजा तीन करू?"

"कर," म्हटलं.