कॅरिअरवरचा पालापाचोळा : आमची वाटचाल

सदाशिव पेठेत माझ्या वडिलांचे तासावर सायकली भाड्याने देण्याचे दुकान होते. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात सकाळी नऊनंतर दुकानात एकही सायकल उरत नसे. पुढे घरोघरी स्कूटर आणि मोटारसायकली आल्या, आणि दुकान माझ्या हाती आले तेव्हा भाड्यापेक्षा पंक्चरची कमाई अधिक होती. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या २२ काळ्या सायकली भंगारात काढायच्या की त्यांना काही काम द्यायचे, या विवंचनेतून आजचा व्यवसाय सुरू झाला. शनिवारी-रविवारी सकाळी आम्ही लोकांना सायकलवरून शहरातल्या बागा, परसबागा आणि गच्चीवरची शेती पाहायला नेतो.

सुरुवातीच्या फेऱ्या एम्प्रेस गार्डनला जात. १८३० मध्ये स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ही बाग सांभाळते. तिथले जुने वृक्ष आणि त्यांवर चढलेल्या जाडजूड वेली पाहून मंडळी खूश होत, पण दुसऱ्यांदा कोणी येत नसे. जे तिकीट काढून आपले आपण पाहता येते त्यासाठी तुम्ही कशाला, असे एका ग्राहकाने विचारलेही, आणि त्याचे म्हणणे खरे होते. त्याच बॅचमधल्या एक काकू म्हणाल्या, “माझी गच्ची बघायला या एकदा.”

एरंडवण्यातल्या त्या गच्चीने आमचा धंदा बदलला. नुसत्या विटा रचून केलेल्या वाफ्यांत तळाशी रसवंतीतून आणलेले उसाचे चिपाड, त्यावर पालापाचोळा, मग स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि सर्वांत वर मूठ-दोन मूठ माती असे थर होते. माती इतकी कमी का, या प्रश्नाचे उत्तर काकूंनी हिशेबानेच दिले : एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड भरते, आणि हे ओझे स्लॅबला पेलवायचे असते. एवढ्याशा वाफ्यांत वांगी, मेथी, आळू आणि मांडवावर दुधी होता. दहा गुंठ्यांत पाच जणांच्या कुटुंबाची गुजराण होऊ शकते, असे मांडणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीप्रयोगांच्या चळवळीचे विचार त्या बोलता बोलता सांगत होत्या.

मी मात्र हावरेपणा केला. पुढच्याच महिन्यात १८ जण घेऊन गेलो, आणि त्यांतल्या एका उत्साही पाहुण्याने बियाण्यासाठी वेलावर राखलेला दुधी तोडून मोठ्या कौतुकाने काकूंच्याच हाती दिला. काकू काही बोलल्या नाहीत, सर्वांना चहा दिला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, “सध्या नको रे बाळा.” हे ‘सध्या’ वर्षभर चालले.

तेव्हापासून एका फेरीत आठांहून अधिक माणसे नेत नाही, आणि न तोडायच्या फळाच्या देठाशी जुन्या ट्यूबची काळी पट्टी बांधण्याची पद्धत आम्ही सर्व बागांतून रुजवली. काकूंना मोबदला देऊ केला तेव्हा “मी काही प्रदर्शन मांडलेलं नाही” असे त्या म्हणाल्या. त्यांना हवा होता पालापाचोळा. ओल्या कचऱ्यात कोरडा पाला पुरेसा मिसळला नाही तर कुजताना वास सुटतो आणि शेजारी तक्रार करतात. इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की कितीतरी सोसायट्यांच्या आवारात हाच पाला पेटवून दिला जातो. म्हणून आता प्रत्येक पाहुण्याच्या सायकलला पाल्याचे एक पोते बांधलेले असते आणि तेच बागेत शिरण्याचे आमचे तिकीट. वडिलांच्या काळ्या सायकलींची रुंद लोखंडी कॅरिअर याच कामासाठी घडवली असावीत, असे वाटते. हौसेने कर्ज काढून घेतलेल्या सहा गिअरच्या सायकलींना मात्र कॅरिअर बसेना. बसवून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याने नंतर फोन उचलणे सोडले. त्या सायकली मी तोट्यात विकल्या.

मार्च २०२० मध्ये फेऱ्या बंद पडल्या. टाळेबंदी सैल झाल्यावर लोकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या, आणि त्यांच्या दुरुस्तीवर दुकान तगले.

आज आमच्या यादीत १४ बागा आहेत, दोन मुले कामाला आहेत, आणि एप्रिलच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत आम्ही फेऱ्या बंद ठेवतो, कारण उन्हाने होरपळलेली बाग दाखवणे बागवाल्यांना आवडत नाही. काकूंनी दिलेल्या बियांचा वेल यंदा दुकानाच्या पत्र्यावर चढला. चार दुधी लागले. तीन घरी गेले, आणि चौथ्याच्या देठाशी ट्यूबची पट्टी बांधलेली आहे.