समोर कोण नव्हतं?

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५
ग्रोनिंगन

३६.०९!

काल सॉल्ट लेक सिटीत आमच्या डच फेमके कॉकनं बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये ५०० मीटरला ही सेकंदांतली वेळ काढली आणि कोरियाच्या ली सांग-ह्वाचा ३६.३६ चा महिलांचा जागतिक विक्रम गेला. २०१३ पासून त्याला कुणी हात लावू शकलं नव्हतं. या अंतरात भांडण असतं ते शतांशांचं. हिनं एका झटक्यात सत्तावीस शतांश उडवले. मी एवढ्या जोरात ओरडले की लेक धावत खाली आली, तिला वाटलं काही तरी फुटलं.

आज ऑफिसातून आल्यावर लेकीचे स्केट घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेले. धार लावून देतात ते. दोन्ही स्केट उलटे करून एका चौकटीत शेजारी शेजारी घट्ट आवळायचे, तेलाचे चार थेंब टाकायचे आणि दोन्ही पात्यांवरून सपाट दगड तिरका फिरवत राहायचं. मधूनच अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवरून ओढून बघतात. नखाला लोखंडाची बारीक कूस लागली की समजायचं, धार वर आली. मग छोट्या दगडानं ती कूस काढायची. या कामात घाई चालत नाही, आणि ते चालू असताना आजोबा गप्पही बसत नाहीत.

आजोबा मूळचे फ्रीसलंडचे, म्हणजे फेमकेच्याच प्रांतातले. तिचं नाय बेट्स हे गाव टिआल्फच्या, म्हणजे हेरेनवेनच्या त्या प्रसिद्ध बर्फमैदानाच्या तसं जवळच. तरी कौतुक करतील तर शपथ! "पोरगी वेगवान आहे, मान्य. पण ती जिंकायला लागली तेव्हा समोर होतं कोण?"

त्यांचा हा मुद्दा मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि तो अगदीच पोकळ नाही, हेच तर खटकतं. ज्युनियर विश्वस्पर्धांमध्ये सोनं घेऊन फेमके मोठ्यांत आली ती ऐन कोरोनात. जानेवारी २०२१ मध्ये विश्वचषकाच्या दोन्ही फेऱ्या टिआल्फमध्येच झाल्या, प्रेक्षकांविना. नेदरलँड्समध्ये रात्री नऊनंतरची संचारबंदी पहिल्या फेरीच्याच शनिवार-रविवारी लागू झाली होती. घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून मी टीव्हीपुढे बसले आणि या खेळाची गोडी लागली ती तेव्हाच. पहिल्या दोन शर्यती बघून वाटलं, नशीब जोरावर आहे. पुढच्या आठवड्यात तिनं उरलेल्या दोन्हीही मारल्या. वय वीस. ५०० मीटरच्या चारही शर्यती तिच्या!

पण जपान आणि कोरियाचे संघ आलेच नव्हते. २०१८ ची ऑलिंपिक विजेती नाओ कोदाइरा तिकडे घरी. रशियाची अँजेलिना गोलिकोवा मात्र होती, आणि फेब्रुवारीत त्याच बर्फावर जागतिक अजिंक्यपदाला तिनंच फेमकेला मागे टाकलं. फेमकेला रौप्य. पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला सगळ्या जणी जमल्या तर ५०० मीटरचं सोनं अमेरिकेच्या एरिन जॅक्सननं नेलं आणि आमच्या बाईंच्या हाती काहीच लागलं नाही. आजोबांना तेवढंच हवं होतं.

मग २०२३ चा मार्च. तो सगळा हिवाळा कोरियाची किम मिन-सन विश्वचषकात एकामागून एक शर्यती जिंकत होती. जागतिक स्पर्धा टिआल्फमध्ये, या वेळी स्टेडियम खच्चून भरलेलं. फेमके विश्वविजेती झाली, किमला पदकसुद्धा मिळालं नाही. ५०० मीटरला जागतिक अजिंक्यपद मिळवणारी ही पहिली डच बाई. यावर आजोबा काय म्हणाले असतील? "रशियन नव्हत्या." खरंच नव्हत्या. युद्धामुळे त्यांच्यावर बंदी होती. पुढे २०२४ ला कॅलगरीत आणि २०२५ ला हामारलाही तिनंच तो किताब राखला, पण आजोबांची टेप तीच.

मला वाटतं, खरी अढी वेगळीच आहे. फ्रीसलंडच्या माणसाला स्केटिंग म्हणजे दम. अकरा शहरांची ती दोनशे किलोमीटरची शर्यत, जी बर्फ पुरेसा गोठत नाही म्हणून १९९७ नंतर झालेलीच नाही, तिच्या गोष्टी आजोबा तासन्‌तास सांगतील. त्यांना दहा हजार मीटर बघायला आवडतं. कॉफी करून आणली तरी शर्यत चालूच असते. सदतीस सेकंदांत संपणाऱ्या प्रकाराला ते मनातून खेळ मानतच नाहीत. सोचीला २०१४ मध्ये पुरुषांच्या ५०० मीटरची तिन्ही पदकं डचांनी घेतली आणि यान स्मेकेन्सचं सोनं ०.०१२ सेकंदानं गेलं. तेवढी एक शर्यत त्यांना तोंडपाठ आहे, तीही हळहळ म्हणून.

आज मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, आजोबा, घड्याळाला काय माहीत कोण आलं आणि कोण नाही? ३६.०९ ही वेळ समोर कुणी नसतानाही तेवढीच.

त्यावर उत्तर तयार. "सॉल्ट लेक उंचावर आहे. हवा विरळ."

"लीचा विक्रमसुद्धा सॉल्ट लेकचाच होता."

दगड थांबला. मग म्हणाले, "हं. मिलान ऑलिंपिकला बघू."

बघूच. फेब्रुवारी लांब नाही. आणि धास्ती मलाही आहेच, पण ती वेगळी. ऑलिंपिकला पूर्वी ५०० मीटर दोनदा व्हायचे, एकदा आतल्या लेनमधून सुरुवात, एकदा बाहेरच्या. २०१८ पासून एकदाच. बाहेरून सुरुवात आली की लेन बदलून शेवटचं वळण आतलं येतं, तेच जास्त घट्ट, आणि तेही वेग सगळ्यात जास्त असताना. त्यात पाय जरा बाहेर फेकला गेला तरी चार वर्षं पाण्यात. तेव्हा मला कोण येतं न येतं याचं काही पडलेलं नाही. तिच्या वाट्याला लेन कुठली येते, तेवढं आधी कळू दे.