तुम्ही विचारलंत म्हणून: नायट्रोजनवर चालणारा क्वांटम कॉम्प्युटर का नाही?

२०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेल जोसेफसन जंक्शनवरच्या, म्हणजे दोन अतिवाहकांमधल्या पातळ अडथळ्याच्या जोडावरच्या प्रयोगांना मिळालं आणि मला नेहमी येणारा एक प्रश्न जरा जास्तच येऊ लागला. वायबीसीओ, म्हणजे यिट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड, ९३ केल्विनपर्यंत अतिवाहक राहतं, म्हणजे विजेला विरोधच करत नाही, हे १९८७पासून माहीत आहे. त्याला ७७ केल्विनचा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरतो. मग क्वांटमवाले अजून ॲल्युमिनियमच्या जंक्शनांना कवटाळून का बसलेत?

अर्धं उत्तर रुक्ष आहे. अशा जंक्शनांपासून बनवलेला क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा मूळ घटक, साधारण ५ गिगाहर्ट्झवर चालतो. तापमानात मोजली तर ही ऊर्जा जेमतेम पाव केल्विन. ७७ केल्विनच्या गदारोळात तिचा आवाज कुठला ऐकू यायला! पदार्थ कुठलाही घ्या, मिलिकेल्विनचा फ्रिज सुटत नाही.

खरी गंमत जंक्शन बनवण्यात आहे. ॲल्युमिनियमचा थर द्या, थोडा ऑक्सिजन सोडा, वर दुसरा थर द्या. अतिवाहकात वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मधल्या एक-दोन नॅनोमीटर ऑक्साइडमधून टनेलिंग करून, म्हणजे अडथळ्यातून आरपार, पलीकडे जातात. ॲल्युमिनियममध्ये जोडीचा पसारा हजार नॅनोमीटरच्या वर असतो, त्यामुळे कडेला थोडं बिघडलं तरी तिला फरक पडत नाही. वायबीसीओमध्ये हाच पसारा दीड नॅनोमीटर, आणि स्फटिकातल्या थरांना काटकोनात तर त्याहून कमी. पृष्ठभागावरून जरासा ऑक्सिजन निसटला की काठावरचं अतिवाहकत्वच संपलं. शिवाय इथे काही दिशांना ऊर्जेची फट, म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, शून्य होते, म्हणून सुटे इलेक्ट्रॉन कायम लुडबुडतात.

मग जंक्शन झालं कसं? दोषातून. १९८८मध्ये आयबीएममध्ये डिमोस, चौधरी आणि मानहार्ट यांनी दाखवलं की दोन स्फटिककण एकमेकांशी कोन करून भेटले, तर त्या सीमेवरून जाणारा प्रवाह कोनाबरोबर झपाट्याने घटतो. तारा बनवणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्हा जंक्शनवाल्यांना मात्र आयता अडथळा मिळाला. ठरावीक कोनात जोडलेल्या दोन स्फटिकांवर थर वाढवायचा, की खालची शिवण जशीच्या तशी वर उतरते. १९९४मध्ये त्सुई आणि कर्टली यांनी तीन स्फटिक जोडून, तीन जंक्शनांच्या कड्यात आपसूक उगवलेला अर्धा फ्लक्स क्वांटम पकडला; अतिवाहक कड्यात चुंबकीय प्रवाह एरवी ज्या ठरावीक मापाच्या पटीत अडकतो, तो हा क्वांटम. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

अडचण एवढीच की अशी दोन जंक्शनं सहसा सारखी निघत नाहीत. हजारो एकसारखी हवी असतील तर हात टेकावे लागतात. स्क्विडला, म्हणजे जंक्शनांवर चालणाऱ्या अतिसंवेदनशील चुंबकीय मापकाला, मात्र एक-दोन पुरतात. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने वायबीसीओचे स्क्विड खनिजं शोधायला थेट रानात नेले.

आणि बिस्मथच्या क्युप्रेटमध्ये, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडच्याच आणखी एका अतिवाहकात, तर निसर्गानेच जंक्शनं रचून ठेवली आहेत, दर दीड नॅनोमीटरला एक. क्लायनर आणि म्युलर यांनी ती १९९२मध्ये दाखवली. २००७मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत अशाच चळतीतून टेराहर्ट्झच्या आसपासच्या लहरी काढल्या. एक मायक्रोमीटर उंचीत साडेसहाशेच्या वर जंक्शनं, सगळी एका तालात. पैज लावायचीच तर मी क्यूबिटवर नाही, या चळतीवर लावीन.