अकरा वेळा विकलेला भोपळा

हंगामाच्या सणाला आमच्या देवळाचा वास बदलायचा. (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतून हा शब्द अजून गेलेला नाही.) एरवी तिथे चुन्याचा आणि सतरंजीतल्या धुळीचा वास. त्या रविवारी मात्र दारातच बाजरीची कणसं, मेथी, भुईमुगाचे वेल आणि पाय बांधलेल्या कोंबड्या असा सगळा एकत्र वास अंगावर यायचा. वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस उभे केलेले असत. उपासना चालू असताना कोंबडा मध्येच आरवला की आम्ही पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायचो.

नाताळ मोठा आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) त्याहून मोठा, असं शब्बाथ शाळेत, म्हणजे देवळातल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवायचे. आमच्या हिशेबात हंगामाचा सण सगळ्यांच्या वर होता, कारण त्यात लिलाव असायचा. देवाला वाहिलेली वस्तू फुकट घरी न्यायची नाही, बोलीत घ्यायची आणि पैसे मंडळीच्या पेटीत टाकायचे. मिशन शाळेचे मास्तर बोली पुकारत. वर्गात त्यांचा आवाज बसका वाटायचा, पण "आठ आणे एक वार, आठ आणे दोन वार..." सुरू झालं की तो वेशीपर्यंत जायचा. एखादं अंडं रुपयाला जाई. घेणारा ते परत वेदीपुढे ठेवी, "पुन्हा देवाला" म्हणून. मग तेच अंडं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. अंडं फुटू नये याची काळजी पंचांपेक्षा आम्हालाच जास्त.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. ज्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या भागात टाळ-मृदंग कुणाला शिकवावा लागत नाही. आमच्या देवळातही बाजाच्या पेटीच्या जोडीला टाळ असत आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यावर अशी बसत की शेजारच्या वस्तीवरचे वारकरी दारात उभे राहून ऐकत. कधी ठेकाही धरत.

1972 चा सण मात्र वेगळा. मी आठ वर्षांचा होतो. बाजरी गुडघाभर होऊन करपली होती. अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतं. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) मिळायचा, त्याची भाकरी थापताना फाटे. सण करायचा की नाही यावर पंचांची बैठक झाली आणि ती बरीच लांबली. लोकांनी आणायचं काय, हाच प्रश्न होता. शेवटी पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, म्हणाले, जे असेल ते.

त्या रविवारी वेदीपुढची जागा बरीचशी रिकामीच होती. चार कांदे, थोडी चिंच, कुणाच्या तरी विहिरीच्या तळाच्या ओलीवर धरलेला एक तांबडा भोपळा. आजीनं पदराची गाठ सोडून मिलोची पुरचुंडी काढली. मागून कुणी तरी कुजबुजलं, "हे काय आपल्या शेतातलं आहे व्हय?" पाळकसाहेबांनी ऐकलं असावं. त्यांनी मेणबत्ती थोडी बाजूला सरकवली आणि पुरचुंडी मधोमध ठेवली.

वचन बायबलातल्या हबक्कूक या पुस्तकातलं होतं. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन, अशा अर्थाचं. अंजीर आणि जैतून आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलंही नव्हतं. पण वाचता वाचता ओळ गोठ्यात गुरं उरली नाहीत इथवर आली, आणि अण्णांनी मान खाली घातली. आमची बैलजोडी घोडेगावच्या बाजारात जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. त्यानंतरचा उल्हास मला तेव्हा कळला नाही. खरं सांगायचं तर आजही मला तो अर्धाच कळतो.

लिलावात तो एकटा भोपळा अकरा वेळा विकला गेला, सगळा उधारीवर. मास्तर वहीत नावं लिहीत होते. नव्यानं लग्न होऊन आलेल्या माझ्या काकूनं बायकांच्या बाजूनं एकदम "सव्वा रुपया!" अशी बोली दिली. काका चमकून वळून बघायला लागले आणि सगळं देऊळ हसलं. त्या वर्षात इतकी माणसं एकदम हसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. नंतर भोपळा मागच्या अंगणात चिरला आणि तीन दगडांवर शिजवला. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन फोडी आल्या.

तुमचे पूर्वज दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा मी शाळेत ऐकला होता. त्या रात्री आजीला विचारलं. ती मिलोच्या भाकरीचे तुकडे गोळा करून वाटीत भरत होती. म्हणाली, "मग? 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' असंच मागायला शिकवलंय ना त्यानं. लाजायचं कशाला?" आणि वाटी माझ्याकडे सरकवली. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'भाकर' या शब्दापाशी मला अजूनही तो लाल रंग दिसतो.

हल्ली लिलावात मिक्सर आणि भिंतीवरची घड्याळंही येतात. बोली हजारांत जाते, आणि बोली देणारा आधी फोटो निघतोय का ते बघतो. मला ते आवडत नाही, पण देवळाचं छप्पर त्याच पैशातून झालं, म्हणून मी गप्प बसतो.

2020 च्या दिवाळी पाडव्याला कोरोनामुळे बंद असलेली प्रार्थनास्थळं उघडली, पण म्हाताऱ्यांनी आणि लहान मुलांनी घरीच थांबायचं होतं. तरुण संघानं लिलाव व्हॉट्सअ‍ॅपवर घेतला. जमणारा पैसा मजुरी बुडालेल्या घरांना जाणार होता. पुतण्यानं भोपळ्याचा फोटो टाकला, मी पुण्याहून पाचशे लिहिले, कुणी सातशे. "सातशे एक वार" असं टाईप केलेलं बघून कसंसंच झालं. मास्तरांचा आवाज त्यात कुठून येणार?

तेवढ्यात काकूचा आवाजी निरोप आला. सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी, मागे कुकरची शिट्टी. "सलाम सगळ्यांना. रोख आहे का उधारी? आधी मास्तरांची वही शोधा, माझे सव्वा रुपये अजून राहिलेत."