वरचा आहार सुरू : होय

आठ महिन्यांची मुलगी, वजन ६.२ किलो. सहाव्या महिन्यात ते ६.१ होतं. एवढ्या काळात पाच-सहाशे ग्रॅम तरी चढायला हवेत, चढले शंभर. वजनाचा आलेख हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात उतरलेला, हिमोग्लोबिनही कमी, ८.९. आणि बाळाच्या तपासणीच्या कार्डावर 'वरचा आहार सुरू?' या रकान्यापुढे ठसठशीत 'होय'. तो आहार किती घट्ट, किती वेळा, कशातून, हे विचारणारा रकाना कार्ड छापणाऱ्यांना सुचलेलाच नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. आई विड्या वळते, आजी बाळ सांभाळते. यादी ऐकायला उत्तम : अंगावरचं दूध, दोनदा डब्यातलं सिरियल, एकदा नाचणीचं सत्त्व. "बाटली तर रिकामी करतीय की मॅडम," आई म्हणाली.

सिरियल बाटलीतून जातंय म्हटल्यावर बाटली, डबा, चमचा घेऊनच बोलावलं. नुसतं "किती देता?" विचारलं की उत्तर "भरपूर" असंच येतं. तिनं करून दाखवलं : १५० मिली पाणी, पावडर दोन चहाचे चमचे, निपलचं भोक सुईनं मोठं केलेलं. पावडर काट्यावर भरली सहा ग्रॅम. ग्रॅमला साधारण चार कॅलरी, म्हणजे आख्ख्या बाटलीत चोवीस. तेवढ्याच आईच्या दुधात शंभरच्या आसपास असतात! सहा किलोच्या बाळाचं पोट पावणेदोनशे-दोनशे मिलीत भरतं. त्यामुळे बाटलीनंतर बाळ दूधही नीट ओढत नव्हतं. या वयात दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, हिला दोन बाटल्यांतून पन्नासही मिळत नव्हत्या. डब्यावरचं लोहही पूर्ण मात्रा दिली तरच बाळाला पोचणार. पंचवीस ग्रॅम पावडर दोनदा दिली तर ३०० ग्रॅमचा डबा सहा दिवसांत संपतो, इथे तो जवळजवळ महिना पुरवला जात होता. विडीच्या मजुरीत आठवड्याला एक डबा बसत नाही, हा हिशेब चिठ्ठीवर 'सिरियल सुरू करा' लिहिणाऱ्याच्या गावीही नसतो.

आजीचं सत्त्वही तसंच. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, तळाशी बसेल ते वाळवायचं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम खरं, पण त्यातलं बरंचसं सालीकडे असतं. ते चोथ्यात जातं, आणि बाळाच्या वाट्याला मुख्यतः पिष्ट येतं. आजींना हे पटवणं डॉक्टरांना पटवण्याइतकंच अवघड.

पातळ करण्यामागे कारण आहे. पीठ शिजलं की पाणी धरून फुगतं, थोड्या पिठाचीही खळ होते आणि बाळ ती जिभेनं बाहेर ढकलतं. म्हणून पाणी वाढतं. यावर उपाय मोडाच्या पिठाचा. गहू रात्रभर भिजवायचा, ओल्या फडक्यात बांधायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, मात्र फडकं वाळलं की मोड खुंटतात. मग उन्हात कडकडीत वाळवायचं, मोड चोळून काढायचे, अगदी हलकं गरम करून दळायचं. लाल होईपर्यंत भाजलं तर पीठ पातळ करणारं पाचक द्रव्यच मरतं. ज्वारी घरात असतेच, पण मोडासाठी मी ती सांगत नाही : कोवळ्या पोंग्यांनी जनावरं दगावतात, तेच विषारी द्रव्य तिच्या मोडांत असतं.

बाकी लापशी ज्वारीचीच. भाजलेल्या ज्वारीचं पीठ २० ग्रॅम, भाजलेल्या मूगडाळीचं १०, पाणी घालून घट्ट शिजवायची. खाली उतरवून दोन-तीन मिनिटं निवू द्यायची, मग मोडाचं पीठ एक चमचा. उकळत्यात घातलं तर काम करत नाही. पाच-दहा मिनिटांत ती चमच्यावरून घसरेल इतकी सैल होते, थेंब पाणी न घालता. पुन्हा एक उकळी, वरून चमचाभर तूप. वाटीभर दीडशेच्या आसपास कॅलरी. नेहमीचं गव्हाचं पीठ वापरलं तर काहीच होत नाही. आजींनी पहिल्यांदा तेच केलं आणि "काही फरक पडंना" म्हणून निरोप धाडला.

लोहाचे थेंब डॉक्टरांनी दिलेत. धान्यातलं लोह शोषलं जातं कमी, त्यामुळे नुसत्या लापशीवर हिमोग्लोबिन ८.९ वरून चढणार नाही. ते जास्त शोषलं जावं म्हणून लापशीत लिंबाचे चार थेंब पिळायला सांगितलेत.

महिन्यानं वजन ६.६ भरलं. बाटली मात्र पुरती सुटलेली नाही. आई वळलेल्या विड्या द्यायला गेली की आजी तीच काढतात : वाटी-चमच्यानं भरवायला वीस मिनिटं लागतात, बाटली पाचात संपते.