सावित्रीच्या खाडीत होडी: ट्रेलरवरून उतरवणं आणि पुन्हा चढवणं

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा या वाटेने सावित्रीच्या खाडीकाठी बागमांडल्याला १४ फुटी फायबरची होडी नेली. तिला २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. ट्रेलर धरून वजन ४५० किलोच्या आसपास. एवढ्या वजनाला गाडीच्या हुकावर ३५ ते ४० किलो भार यायलाच हवा. तो कमी पडला की ट्रेलर मागे डोलायला लागतो, आणि घाटाच्या उतारावर ते डोलणं आवरत नाही. होडी विंचकडे, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या, होडी ओढायच्या हँडलच्या चाकाकडे, चार बोटं सरकवली तरी फरक पडतो. माणगावला थांबून चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, हात ठेवावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर ग्रीस संपलंय किंवा नट जास्त आवळलाय.

दिवस ठरवला तो तिथी बघून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. द्वादशी होती, म्हणजे भरती नऊच्या सुमारास. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टकही बघावंच. पुनवेचं आणि अवसेचं उधाण नवख्याने टाळावं, पाण्याला ओढ फार असते. आठला उतरवायची, साडेदहाच्या आत चढवायची. ती वेळ चुकली की पाणी रॅम्पच्या, म्हणजे खाडीत उतरणाऱ्या काँक्रीटच्या उताराच्या, कडेखाली जातं, ट्रेलरची चाकं कडेवरून चिखलात उतरतात, आणि मग रात्रीच्या भरतीपर्यंत बसून राहावं लागतं.

इथला रॅम्प फेरीबोटीचा आहे. बंदर निरीक्षकांची परवानगी आधी घ्यावी, फेरीच्या माणसांना विचारून दोन फेऱ्यांमधली वेळ धरावी आणि पाच मिनिटांत रॅम्प मोकळा करावा. हे जमतं ते सगळी तयारी वर सपाटीला उरकली तरच: मागचे पट्टे सोडणं, होडीतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच घट्ट बसवणं, इंजिन वर उचलणं, दिव्यांची पिन काढणं, होडीच्या पुढच्या कडीला दहा मीटर दोर बांधणं. विंचचा पट्टा आणि साखळी मात्र पाण्यापर्यंत तशीच ठेवायची. ओल्या उतारावर होडी ट्रेलरवरून घसरून काँक्रीटवर आदळते ती इथेच घाई केल्यामुळे.

घाटातून आल्यावर अर्धा तास थांबावं. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा; ट्रेलर ज्या बाजूला वळवायचा त्याच बाजूला हात न्यायचा. रॅम्पवर भरतीच्या पाण्याखाली येणारा भाग शेवाळाने हिरवा असतो. गाडीची मागची चाकं त्या हिरव्या रेघेच्या वरच थांबली पाहिजेत. पहिला गिअर, हँडब्रेक आणि चाकामागे लाकडी पाचर, तिन्ही. भरतीची ओढ खाडीच्या आत असते, म्हणून दोर धरणाऱ्याने समुद्राच्या बाजूला उभं राहावं. विंचवर भार असताना खटका कधीही सोडू नये. हँडल गरगर फिरतं आणि मनगट मोडतं.

चढवताना बहुतेकांचा ट्रेलर फार खोल जातो. मग होडी ट्रेलरवरच्या, गालिचा लावलेल्या फळ्यांवर टेकतच नाही, वर तरंगते, ओढीने आडवी होते आणि वर काढली की तिरकी बसते. फळ्या आधी पूर्ण भिजवून घ्याव्यात, मग ट्रेलर थोडा वर ओढून त्यांचा दोन-तृतीयांश भागच पाण्यात ठेवावा. ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांत पाच फुटी पीव्हीसी पाइप उभे केले तर बुडालेला ट्रेलर कुठे आहे ते दिसतं. ओहोटी लागली की ओढ समुद्राकडे असते, तेव्हा समुद्राच्या बाजूने, ओढीच्या विरुद्ध, चालण्याच्या वेगाने यावं. होडीचं टोक फळ्यांमध्ये शिरलं की इंजिन बंद करून वर उचलायचं आणि उरलेलं अंतर विंचने ओढायचं. रेस देऊन होडी चढवणाऱ्यांच्या पंख्याने रॅम्पच्या कडेखालची माती उपसली जाते, तिथे खड्डा पडतो आणि पुढच्याचा ट्रेलर त्यात अडकतो. कृपा करून हे करू नका. पाण्यात उतरताना पायात बूट हवेतच, दगडांवरची कालवं पात्यासारखी कापतात.

वर सपाटीला आल्यावर बूच काढून पाणी गळू द्यावं, ५० मिलिमीटरचे दोन पट्टे मागे आवळावेत, दिवे तपासावेत. त्याच संध्याकाळी इंजिन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवावं. ट्रेलरच्या स्प्रिंगांच्या पानांमध्ये पाइपने पाणी मारावं आणि हबमध्ये मरीन ग्रीस भरावं. जुनं ग्रीस दुधाळ बाहेर आलं तर सील गेलंय. पुढच्या फेरीआधी ते बदलावं.