घंटा वाजल्यानंतरचा वेळ

दूरचित्रवाणीवरच्या पाककला स्पर्धेत पडद्यावर धावणारे घड्याळ बहुधा खरे असते. अन्यायाची शक्यता असते ती घंटा वाजल्यानंतरच्या, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या वेळात. गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रित होणाऱ्या अशा एका मराठी कार्यक्रमाच्या स्वयंपाकघर विभागाची जबाबदारी माझ्याकडे होती. शिधा सर्वांना सारखा मोजून देणे, शेगड्या आणि ओव्हन तपासणे, घंटा झाल्यावर कोणी ताटाला हात लावत नाही यावर लक्ष ठेवणे, असे ते काम. घंटा झाली की स्पर्धक ओट्यापासून दूर होतात, लाइट दादा दिव्यांची मांडणी बदलतात, प्रत्येक ताटाचे क्लोजअप घेतले जातात, स्पर्धकांचे बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे छोटे मनोगत, होतात आणि त्यानंतर परीक्षक चव घेतात. घरी बसलेल्याला हे सलग वाटते. प्रत्यक्षात मध्ये तास-दीड तास सहज जातो.

उपांत्य फेरीच्या दिवशी ‘घरची आठवण’ हा विषय होता. गिरगावच्या एका काकूंनी उकडीचे मोदक केले होते, वसईच्या तरुणाने बोंबील तळले होते, ठाण्याच्या शिक्षिकेने नाचणीचा केक भाजला होता आणि डोंबिवलीच्या एका निवृत्त गृहस्थांनी खरवस लावला होता. क्रिएटिव्ह टीमने चव घेण्याचा क्रम ठरवला तो असा: आधी खरवस, मग केक, मग बोंबील आणि सर्वांत शेवटी मोदक, कारण काकू आपल्या आईविषयी जे बोलणार होत्या त्यावर भाग संपावा, अशी योजना होती. कथनाच्या दृष्टीने हा क्रम योग्यच होता. त्यात कोणाविषयी आकस नव्हता, हे मला आजही आग्रहाने सांगावेसे वाटते.

परंतु पदार्थांना कथानक कळत नाही. खरवस गार झाल्यावरच नीट कापला जातो आणि केकला थोडे निवणे मानवते, म्हणजे या दोघांना थांबण्याचा लाभच होता. बोंबलात पाण्याचा अंश इतका असतो की तळल्यावर काही मिनिटांतच आतली वाफ बाहेरच्या रव्याला मऊ करू लागते. मोदकाचे तर त्याहून कठीण. तांदळाच्या उकडीतील पिष्ट शिजताना पाणी धरून फुगते आणि थंड होताना पुन्हा घट्ट होत जाते. त्यात वातानुकूलित सेटवरची कोरडी हवा लागली की पारी वरून सुकते आणि कळ्यांच्या कडांना भेगा पडतात. ज्यांना थांबणे सर्वांत महाग पडणार, त्यांनाच सर्वांत जास्त थांबवणारा तो क्रम होता. काकूंचे मोदक पुन्हा वाफवून घ्यावेत, अशी एक सूचना सद्भावनेने पुढे आली. ती मी मानली नाही, कारण घंटेनंतर एकाच स्पर्धकाला शेगडी देणे हा उरलेल्या तिघांवर तितकाच अन्याय ठरला असता.

मी दिग्दर्शकांकडे गेले आणि घंटेनंतर लगेच, ताटे ओट्यावर असतानाच, परीक्षकांनी चव घेऊन गुण लिहावेत, अशी विनंती केली. ऑस्ट्रेलियातील मास्टरशेफचे परीक्षक असेच पदार्थ गरम असताना चाखून ठेवतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. दिग्दर्शक म्हणाले, “ताई, पहिल्या घासाला चेहऱ्यावर जे येतं, ते दुसऱ्यांदा येत नाही. मी कॅमेऱ्यासमोर काय दाखवू?” या म्हणण्यात तथ्य होते, आणि करमणूक म्हणजे केवळ दिखावा असे मी मानत नाही, पहिल्या घासाचा तो क्षण पाहायलाच तर लोक बसतात. मी त्यांना 2014 सालच्या ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या ब्रिटनमधील बेकिंग स्पर्धेची आठवण दिली. तिथे एका स्पर्धकाचे आइस्क्रीम सहस्पर्धकाने फ्रीझरबाहेर काढल्याचे दिसले, चिडून त्याने सारा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि ते किती वेळ बाहेर होते यावरून इतका वाद पेटला की तक्रारी प्रसारण नियामकापर्यंत पोहोचल्या. वेळेचा हिशेब लपला, की प्रेक्षक कोणाला तरी खलनायक ठरवतो.

अखेर त्यांनी तोड काढली. हातातला एक कॅमेरा परीक्षकांबरोबर ओट्या-ओट्यावर जाईल, गरम चव तिथेच घेतली जाईल, गुणपत्रिका लिफाफ्यात बंद होईल आणि ठरलेल्या क्रमाचे चित्रण त्यानंतर होईल. सर्वांत आधी बोंबील आणि मोदक चाखायचे, केक आणि खरवस मागून, हे मी लिहून दिले.

पारंपरिक पदार्थ असला की तो कसा असायला हवा याची अर्ध्या पानाची टिपणी मी परीक्षकांना आधीच देत असे. 2018 मध्ये ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये मलेशियन रेंडांगमधील कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही असा शेरा परीक्षकांनी मारला होता. रेंडांग हा मंद आचेवर शिजवून मऊ करण्याचा पदार्थ असल्याने साऱ्या मलेशियातून त्यावर संताप उसळला. परीक्षकाला पदार्थच ठाऊक नसेल, तर गरम चव घेऊनही न्याय होत नाही. त्या दिवशी, कारकीर्द हॉटेलांत गेलेल्या एका परीक्षकांनी पारी किती पातळ असावी हे मला दोनदा विचारून घेतले, याचे मला फार समाधान वाटले.

लिफाफे उघडले तेव्हा काकूच बाद झाल्या होत्या. सारण ओलसर राहिल्यामुळे पारी बुडाशी चिकट झाली होती, असे तिन्ही परीक्षकांनी स्वतंत्रपणे लिहिले होते. काकूंनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, “गरम असतानाच खाल्ले ना त्यांनी?” मी हो म्हटले आणि गुणपत्रिकेवरची वेळ त्यांना दाखवली. “मग बरोबर आहे. गूळ आणखी आटवायला हवा होता,” असे म्हणून त्या आपला ॲप्रन सोडू लागल्या. मोदक तासभर ताटकळले असते, तर पारीच्या भेगा आणि सारणाचा ओलावा यांतला कोणता दोष त्यांचा आणि कोणता आमचा, हे कोणालाही सांगता आले नसते.

प्रसारित भागात मात्र थंड मोदकाचा घासच पहिला घास म्हणून दिसला. तेवढ्यापुरते आमचे काम अपुरे राहिले, असे माझे मत आहे. ओट्यावरच्या चवीचे चित्रण उपलब्ध होते. त्यातले काही क्षण आणि ‘गुण पदार्थ गरम असताना दिले आहेत’ अशी एक ओळ पडद्यावर दाखवण्याची मागणी मी पुढच्या हंगामासाठी लेखी दिली आहे, आणि चव घेण्याचा क्रम पदार्थाच्या प्रकृतीनुसार स्वयंपाकघर विभागाने ठरवावा, हेही त्याच पत्रात लिहिले आहे.